दहा ब्याऐंशी

जिन्याच्या भिंतीवर एकोणचाळीस आकडे होते. सदतीस ऑइल पेंटनं लिहिलेले, एक कोळशानं, एक खडूनं. सदतिसांपैकी बत्तीस काळे, चार निळे आणि एक लाल. सगळ्यात लहान ९.५५, सगळ्यात मोठा ९.६६. एकात दशांशचिन्ह राहून गेलं होतं, ते नंतर कुणीतरी बोटानं टेकवलेलं दिसत होतं. पुसलेला एकही नव्हता. जिन्याच्या मधल्या पोकळीत, चौथ्या मजल्याच्या तुळईला ठोकलेल्या आकड्यापासून एक पोलादी तार खाली सोडलेली होती, आणि तिच्या टोकाला, जमिनीपासून वीतभर वर, ओतीव लोखंडाचा गोळा लटकत होता. सगळ्या आकड्यांच्या खाली, चौकट आखून, आणखी एक आकडा होता: १०.८२. तो धरला तर चाळीस.

हे मोजणारी मुलगी शाळेत नवी होती, आणि नवं पोरगं या शाळेत एकदा तरी फसतंच. मोठी मुलं विचारतात, "आकडा कुठंय?" नवं पोरगं भिंतीकडे बोट दाखवतं. मग सगळे वर तुळईकडे बघून खिदळतात. तिलाही विचारलं.

"कुठला?" ती म्हणाली. "लटकवायचा एक आहे, लिहिलेले चाळीस."

विचारणारा भिंतीकडे वळून मोजायला लागला.

तिला सगळे ‘वेटिंग’ म्हणत. शाळा सरकारी, फी नाही, पण प्रवेश परीक्षेतून. हजारोंनी बसायचं आणि साठांनी आत यायचं. ही एकसष्टावी. साठांतल्या एकाचे वडील बदली होऊन दुसऱ्या शहरात गेले आणि हिला फोन आला. वेटिंग लिस्टवरून आलेल्यांचा प्रवेश वर्षभर हंगामी असायचा. वर्ष संपताना मुख्याध्यापकांनी सही केली तर पक्का, नाही केली तर परत जुन्या शाळेत. पहिल्याच दिवशी हजेरी घेणाऱ्या बाईंनी तिच्या नावापुढे वाचलं, "वेटिंग…" आणि वर्गानं नाव ठेवून टाकलं. तिनं तक्रार केली नाही. खोटं तर नव्हतं.

इमारत पूर्वी मोज्यांचा कारखाना होती. "आधी इथं मोजे व्हायचे, आता मोजमापं होतात," हा विनोद शाळेइतकाच जुना होता आणि दरवर्षी कुणाला ना कुणाला तो आपल्यालाच सुचल्यासारखा वाटायचा. सरकारनं सुरुवातीला इमारत दिली, बाकं दिली, पाटी दिली, आणि प्रयोगाच्या सामानाची पेटी मागाहून येत असल्याचं कळवलं. ती अजून येतेच आहे. तेव्हा पहिल्या सरांनी (त्यांना सगळे ‘पहिले सर’च म्हणत) कारखान्याच्या मालवाहू लिफ्टमधलं काय उरलंय ते बघितलं. एक आकडा, एक तार आणि वजनाचा एक गोळा. त्यांनी मुलांना सांगितलं, "याचा झोका मोजा आणि जी काढा."

जी म्हणजे वरून सोडलेली वस्तू खाली येताना दर सेकंदाला किती वेग घेते, तो आकडा. तार किती लांब आणि एका झोक्याला किती वेळ, एवढं कळलं की तो काढता येतो. पुस्तकात तो ९.८१ होता. पहिल्या बॅचचा आला ९.६०. एका मुलानं विचारलं, "सर, पुस्तकातला लिहू का?" सर म्हणाले, "पुस्तकातला पुस्तकात आहे. दिसलं ते लिहा." आणि त्यांनी ते कागदावर नाही, भिंतीवर लिहायला लावलं.

तेव्हापासून दरवर्षीची नवी बॅच आपला एक मोजणारा चिठ्ठी टाकून निवडते, आणि तो सगळ्या शाळेदेखत आकडा लिहितो. ज्या वर्षी शाळा बंद करायचा हुकूम निघाला आणि रंगासकट सामानाला सील ठोकलं, त्या वर्षी पोरांनी शेगडीतला कोळसा आणून लिहिलं. नंतर एका मुख्याध्यापकांनी भिंतीला रंग लावायची बंदी केली. त्या वर्षीच्या बॅचनं खडूनं लिहिलं आणि वरून केसांचा स्प्रे मारला. ते मुख्याध्यापक गेले, खडू आहे.

आणि १०.८२? ती तारेची लांबी, मीटरमध्ये, पहिल्या बॅचनं मोजलेली. पण चाळीस वर्षांत ती नुसती लांबी राहिली नव्हती. फुटबॉलच्या जर्सीवर ती होती. जुन्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या नंबरात होती. अनोळखी शहरात दोन माणसं भेटायची, एक म्हणायचा ‘दहा’, दुसरा म्हणायचा ‘ब्याऐंशी’, आणि राहायची सोय व्हायची. मुलं तिची शपथ घ्यायची. "खरंच तू माझा डबा खाल्ला नाहीस?" "दहा ब्याऐंशी!" मग पुढं बोलायचं नाही.

त्या वर्षी चिठ्ठी वेटिंगची निघाली.

"साठांतून नाही, एकसष्टांतून," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिला मुख्याध्यापकांनी बोलावलं.

मुख्याध्यापकांना मुलं ‘नोटीस’ म्हणत. खात्यातून दोन वर्षांपूर्वी आलेला हा माणूस तोंडानं कमी आणि फळ्यावर जास्त बोलायचा. पाणी जपून वापरण्याची नोटीस, नोटिसा न फाडण्याची नोटीस. दुष्ट नव्हता. पण गेल्या वर्षी एका वर्तमानपत्रानं जिन्याच्या भिंतीचा फोटो छापून खाली लिहिलं होतं, ‘निवडक मुलांच्या विज्ञान शाळेला पुस्तकातला आकडाही जमेना’, आणि खात्यातल्या बैठकीत तो फोटो टेबलावरून हातोहात फिरला होता. तेव्हापासून त्यांना ती भिंत दाढेत अडकलेल्या तुसासारखी सलत होती.

"बस," ते म्हणाले. त्यांच्या मागे भिंतीला टेकवून एक काळा ग्रॅनाइट ठेवला होता. अर्धा कागद निघालेला. सोनेरी अक्षरांत ‘९.८१’ दिसत होतं. "शाळेला चाळीस वर्षं होतायत. खात्याच्या संचालक बाई येणार, जुने विद्यार्थी येणार. त्याआधी जिना रंगवून घेणार आहे. स्वच्छ, क्रीम कलर. हा दगड बसेल तिथं. आणि त्याच्या शेजारी तू, मोजणारी म्हणून, एकच आकडा लिहिशील. हाच."

"सर, मी अजून मोजलेलं नाहीये."

"मोज की! मोजायला कोण नको म्हणतंय? मोज, आणि नऊ एक्क्याऐंशी लिही."

तिनं दगडावरच्या आकड्याकडे बघितलं.

"तुझा प्रवेश हंगामी आहे ना?" नोटीस सरांनी चष्मा पुसला. "माझी सही लागते. मी काही अडवणारा माणूस नाही. पण शाळेचं नाव जपणारी मुलं मला हवीत. कळलं?"

"कळलं, सर," ती म्हणाली. कळलं होतंच.

ही बातमी तिनं सांगायच्या आतच शाळाभर झाली, कारण ग्रॅनाइट उचलून आणणाऱ्या टेम्पोला गेटातून आत घ्यायला फुटबॉलच्या कप्ताननंच मदत केली होती. कप्तान म्हणजे शेवटच्या वर्षातली एक उंच, खणखणीत आवाजाची मुलगी. गोलकीपरलाही ती दटावायची आणि शिक्षकांनाही. तिनं दुपारच्या सुट्टीत जेवणघरातल्या बाकावर उभं राहून एवढंच सांगितलं, "उद्यापासून सुट्टीत सगळ्यांनी जिन्यात बसायचं. पाठ भिंतीला लावून."

रंगारी आले. दोघंजण, बादल्या, ब्रश, शिडी. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर पोरं बसलेली, पाठी भिंतीला चिकटवून, मांडीवर पुस्तकं. रंगाऱ्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, बादल्या ठेवल्या, चहा प्यायले आणि गेले. तासांच्या वेळी परत आले, तर कधी हा तास जिन्यात, कधी तो. गणिताच्या बाई म्हणाल्या, "वर्गात फार उकडतं."

तिसऱ्या दिवशी नोटीस लागली: ‘जिन्यात कोणत्याही प्रकारचे आंदोलन करण्यास सक्त मनाई आहे.’

तासाभरात ती नोटीस फळ्यावरून उतरली आणि लोखंडी गोळ्याला चिकटपट्टीनं लागली. आता आंदोलन म्हणजे जशी निदर्शनं, तसा झोकाही. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात लंबक आंदोलनच करतो. कुणीतरी गोळ्याला हळूच धक्का दिला. नोटीस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश आंदोलन करत राहिली. कप्तान वरून ओरडली, "सर, याला तुम्हीच समजावून सांगा! आमचं ऐकत नाही!"

वेटिंग हे सगळं बघत होती आणि तिला पहिल्यांदाच वाटत होतं की आपण इथल्या आहोत. कप्ताननं तिच्या खांद्यावर हात टाकला. "भिंत आम्ही सांभाळतो. तू त्या दिवशी बाईंच्या देखत, नोटिशीच्या नाकावर टिच्चून, आपला आकडा लिहायचा. नऊ साठ, नऊ त्रेसष्ट, जो येईल तो. सहीची काळजी करू नकोस. तुला काढलं तर आम्ही सगळे उठू."

"हो," वेटिंग म्हणाली.

मोजायला तिच्याबरोबर तिच्याच बॅचचा ढापण्या होता. त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाइतक्या जाड. झोके मोजताना तो ओठ हलवायचा आणि कुणी मध्ये बोललं तर पुन्हा एकपासून सुरू करायचा. पन्नास झोके झाले, तिनं घड्याळ थांबवलं, त्यानं आकडेमोड केली.

"नऊ साठ! पहिल्या बॅचचाच आकडा! मिठाई वाट."

वेटिंग भिंतीकडे बघत होती.

"समज तू एकोणचाळीस वेळा नाणं उडवलंस आणि एकोणचाळीस वेळा छापा पडला. काय म्हणशील?"

"म्हणेन नाणं खोटं आहे."

"हे बघ. हात चुकला तर कधी जास्त येईल, कधी कमी. चूक दोन्हीकडे सांडते. हे सगळे एकाच बाजूला आहेत. एकही चुकून नऊ सत्तरच्या वर गेलेला नाही."

"हवेचा अडथळा," ढापण्या म्हणाला. दरवर्षी मुलं हेच म्हणत आली होती. "तारेचं वजन."

"त्यानं एवढा फरक पडत नाही. वेळ आपण मोजली. लांबी कुणी मोजली?"

"दहा ब्याऐंशी आहे ना."

"पण मोजली कुणी?"

"अगं…" ढापण्याला तिला काय समजत नाहीये तेच कळेना. "दहा ब्याऐंशी आहे ती!"

"तार मध्ये बदलली होती ना?"

"जुनीवर ठेवून, तंतोतंत तेवढीच कापली. सगळ्यांना माहितेय."

"म्हणजे चाळीस वर्षांत एकदाच मोजली."

वर्कशॉपमधून लांब टेप आणायला फार वेळ लागला नाही. ढापण्या चौथ्या मजल्यावर कठड्याबाहेर वाकून टेपचं टोक आकड्याला लावून उभा राहिला, ती खाली गोळ्यापाशी. तारेच्या शेवटापर्यंत मोजलं, गोळ्याची अर्धी उंची मिळवली. तिनं वाचलं आणि जागा बदलली. मग ती वर, तो खाली. पुन्हा. ढापण्यानं खालून विचारलं, "टेप खोटी असेल?" आणि स्वतःच धावत जाऊन प्रयोगशाळेतली मीटरपट्टी आणली. टेप खरी होती.

अकरा पॉइंट झिरो दोन.

दोघं खालच्या पायरीवर बसले.

"आता जी किती येतो?" तिनं विचारलं. त्यानं कधीच काढला होता.

"नऊ अठ्ठ्याहत्तर." तो घाबरलेला दिसत होता. "वेटिंग, हा तर नोटिशीचा आकडा झाला!"

"नोटिशीला एक्क्याऐंशी हवाय."

"लांबून सारखाच दिसतो. खालच्या पायरीवरून बघणाऱ्याला अठ्ठ्याहत्तर काय नि एक्क्याऐंशी काय. सगळे म्हणणार, सहीसाठी विकली गेली."

"पण तो एक्क्याऐंशी नाहीच आहे. आपली चूक फार तर दोन शतांश इकडे, दोन तिकडे. आणि तसाही पुस्तकातला आकडा पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावचा असतो. पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे, आपण फुगवट्याजवळ राहतो. इथं तो कमीच असणार."

"हे तू कप्तानला सांग," ढापण्या म्हणाला. "मी लांब उभा राहतो."

कप्ताननं ऐकून घेतलं. मैदानाच्या कडेला बसून ती बुटांच्या नाड्या सोडत होती. तिचे हात थांबले.

"चाळीस वर्षांत कुणाला दिसलं नाही," ती म्हणाली, "आणि वेटिंगवरून आलेलीला दिसलं?"

"मी मोजलं, कप्तान."

"सगळी शाळा तिथं पाठी घासत बसलीय. कशासाठी? त्या भिंतीवरचं खरं आहे म्हणून. आणि तू म्हणतेस, भिंतच चुकली? नोटीस सर नाचतील! उद्या पेपरात येईल!"

"मग काय करू? नऊ साठ लिहू?"

"दहा ब्याऐंशीची शपथ घेऊन सांग, तुला सरांनी हे करायला सांगितलं नाही."

"तीच तर घेता येत नाहीये आता," वेटिंग म्हणाली.

कप्तान उठली आणि एका हातात बूट धरून, अनवाणी, मैदान ओलांडून निघून गेली. त्या दिवसापासून जिन्यात वेटिंगच्या दोन्ही बाजूंच्या पायऱ्या रिकाम्या राहू लागल्या. एका बाजूला काही वेळानं ढापण्या येऊन बसायचा. तो लांब उभा राहणार होता, पण त्याला लांबचं दिसत नव्हतं.

घरी आई एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. नाव लिहायचं, वजन करायचं, नंबर द्यायचा. तिनं कांदा चिरता चिरता सगळं ऐकलं.

"लिही ना एक्क्याऐंशी," ती म्हणाली. "लोकांची वजनं रोज मी लिहिते. निम्म्या बायका म्हणतात, ताई, दोन किलो कमी लिहा. मी लिहिते. त्यांनाही बरं वाटतं, मलाही. कुणी मेलं नाही अजून."

"आणि औषधाचा डोस वजनावर असला तर?"

आईची सुरी थांबली. "तेव्हा खरं लिहिते," ती म्हणाली, आणि पुन्हा चिरायला लागली. "तू ना, आईला कोपऱ्यात गाठायला शिकलीस त्या शाळेत जाऊन."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सही नाही झाली तर?"

"जुन्या शाळेत."

"जुन्या शाळेत तू पहिली यायचीस आणि तोंड पाडून घरी यायचीस. इथं शेवटून पहिली आहेस आणि शिट्टी वाजवत येतेस. शेजारीण विचारत होती, मुलीला काय झालंय म्हणून." आईनं कांदा बाजूला सारला, डोळे पुसले. कांद्याचेच असावेत. "मी लिही म्हणून सांगितलंय. आईनं सांगायचं ते सांगून झालं. आता तुला काय करायचं ते कर. पण जे करशील ते मान वर करून कर, नाहीतर मला सकाळी उठवायला यायचं नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी जिना तसाच होता, रंगाविना. ग्रॅनाइट खालच्या मजल्यावर एका टेबलावर, मखमली कापडाखाली. सगळी शाळा पायऱ्यांवर, पाठी भिंतीला. खाली खुर्च्यांवर संचालक बाई, शिक्षक, जुने विद्यार्थी. पहिल्या रांगेत पहिल्या बॅचमधलं एक जोडपं होतं. एकाच वर्गात शिकले, मग एकमेकांशी लग्न केलं. त्या पूल बांधणाऱ्या इंजिनिअर, ते डोळ्यांचे डॉक्टर, दोघंही निवृत्तीला आलेले. पोरांनी त्यांना दारातूनच ‘दहा!’ म्हणून आरोळी दिली होती आणि दोघांनी एका सुरात ‘ब्याऐंशी!’ म्हणून परत केली होती.

वेटिंगनं पुढं येऊन माइक घेतला नाही. जिन्यात माइक लागत नाही. साधं बोललं तरी शब्द चौथ्या मजल्यापर्यंत चढतो.

"वेळ मोजण्याआधी मला लांबी मोजायची आहे," ती म्हणाली.

पायऱ्यांवर कुजबुज झाली. नोटीस सर हसत पुढं आले. "लांबी लिहिलेली आहे, बेटा."

"लिहिलेली आहे, सर. मोजायची आहे."

वरून ढापण्यानं टेप सोडली. खालचं टोक कुणी धरावं म्हणून वेटिंगनं मान वळवली, तेवढ्यात इंजिनिअर आजी उठल्या. "मी धरते. पहिल्यांदाही मीच धरली होती." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं, मग चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा बघितलं. "अकरा झिरो दोन."

"शक्यच नाही," खुर्चीतून डॉक्टर आजोबा म्हणाले. "नीट बघ."

"तू ये आणि बघ. डोळ्यांचा डॉक्टर तू आहेस ना?"

आजोबा आले. बघितलं. "अकरा झिरो दोन," ते पुटपुटले. "पण आपण तर… त्या वेळची टेप तुटलेली होती, आठवतं? पहिले वीस सेंटिमीटर गेलेले."

"आठवतं म्हणजे? म्हणून तर मी वीस वजा केले. वाचलं होतं अकरा बावीस. वजा करून तुला सांगितलं, अकरा झिरो दोन."

"तू वजा केलेस?" आजोबा आजींकडे वळले. "मला वाटलं, तू वाचलं तेच सांगतेयस. वीस मी वजा केले!"

"तू कशाला केलेस? टेप माझ्या हातात होती!"

"हिशेब माझ्याकडे होता!"

"तरीच!" आजींनी कपाळाला हात लावला. "तरीच आपल्या घरातले सगळे पडदे आखूड झाले!"

आधी तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा जिना हसला. अडीचशे पोरांचं हसू त्या पोकळीत वर गेलं आणि छताला लागून परत आलं. संचालक बाई रुमाल तोंडाला लावून हसत होत्या. कप्तान तेवढी हसली नाही. ती तळमजल्याच्या भिंतीला, शेवटच्या आकड्याच्या शेजारी, पाठ लावून उभी होती. तिनं एकदा शेजारच्या चौकटीतल्या आकड्याकडे बघितलं, मग दूर उभ्या असलेल्या वेटिंगकडे.

वेटिंगनं गोळा बाजूला ओढला आणि सोडला. पहिला झोका ढापण्यानं एकट्यानं मोजला, दुसऱ्याला त्याच्या मजल्यानं साथ दिली, आणि दहाव्यापर्यंत सगळी शाळा एका आवाजात मोजत होती. पंचवीस. सव्वीस. आजी-आजोबा भांडण थांबवून मोजत होते. एकोणपन्नास. पन्नास! तिनं घड्याळ थांबवलं, ढापण्या धावत खाली आला, दोघांनी आकडेमोड केली, मग एकमेकांची तपासली. वजाबाकी कुठं नव्हती तरी तपासली.

नोटीस सर तिच्या जवळ आले. आवाज त्यांनी खाली घेतला होता, पण त्या जिन्यात त्याचा काही उपयोग नव्हता.

"झालं ना जवळपास? आता नऊ एक्क्याऐंशी लिही. तीन शतांशानं काय आकाश कोसळतं?"

"सर," वेटिंग म्हणाली, "आकाश कोसळायला लागलं तर इथं ते किती वेगानं कोसळेल, तेवढंच मला लिहायचंय."

"दगड कोरून झालाय, मुली."

"दगडाला कुणी घाई करायला सांगितली होती?" हे तिच्या तोंडून निघून गेलं आणि मग परत घ्यावंसं तिला वाटलं नाही.

नोटीस सरांच्या मानेवर लाली चढली. "तुझी सही राहिलीय," ते म्हणाले. "लक्षात आहे ना?"

सही राहिलीय, लक्षात आहे ना, हे शब्द पायरी पायरीनं वर गेले. पहिल्या रांगेत संचालक बाईंनी रुमाल खाली घेतला.

"आहे, सर," ती म्हणाली. "मी रोज शाळेत येते तेव्हा पहिल्यांदा तेच लक्षात येतं."

ती ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन भिंतीकडे गेली. शेवटच्या आकड्यानंतरची जागा रिकामी नव्हती. तिथं कप्तान उभी होती.

"दहा ब्याऐंशी खोडणार?" कप्ताननं विचारलं.

"नाही. इथं काही खोडत नाहीत. आणि दोन वेळा वजा केलं, हेही दिसलंच की. राहू दे."

"एक्क्याऐंशी लिहिलंस तर तुला सोडणार नाही."

"साठ लिहिलं तर?"

कप्ताननं ओठ आवळले. मग ती भिंतीपासून दूर झाली. तिच्या जर्सीवर मागे चुन्याचा पांढरा पट्टा उमटला होता, त्यात नंबर अर्धा झाकून गेलेला. तिनं वेटिंगच्या हातातला डबा घेतला, झाकण काढलं आणि तो तिच्यासमोर धरून उभी राहिली.

"सगळं लिही," ती म्हणाली. "चूक किती असू शकते तेही लिही. मागच्या कुणीच लिहिलं नाही."

वेटिंगनं ब्रश बुडवला. पाठीमागे अडीचशे पोरं कठड्यावरून वाकून बघत होती. रंग काळा होता. तिनं लिहिलं:

लांबी ११.०२ ± ०.०१ मीटर
५० आंदोलने, ३३३.५ ± ०.३ सेकंद
जी ९.७८ ± ०.०२